समुद्राचा हिशेब मांडणारा माणूस

आपल्या घरांतून सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या हे शब्द लहान पोरालाही ठाऊक असतात. पापलेट-सुरमई सणावाराला, पाहुण्यारावळ्याला. पण भाकरीबरोबर सुकटीची चटणी ही कष्टकऱ्याची रोजची साथ. मटण परवडत नाही त्या आठवड्यात ताटाला चव आणि अंगाला ताकद देणारी ती हीच. म्हणून समुद्रातल्या माशांचे काय चालले आहे हा प्रश्न किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचा तर आहेच, पण देशावरच्या आठवडी बाजारात पसाभर सुकट घेणाऱ्या बाईचाही आहे. या प्रश्नावर पन्नासहून अधिक वर्षे काम केलेल्या डॉ. डॅनिएल पॉली या शास्त्रज्ञाची ओळख आज कुटुंबाच्या पानावर करून द्यावीशी वाटते.

पॉली यांचा जन्म १९४६ साली पॅरिसमध्ये झाला. आई गोरी फ्रेंच, वडील अमेरिकन सैन्यातील काळे शिपाई. लहान असतानाच ते स्वित्झर्लंडमधील एका कुटुंबाकडे गेले. त्या घरात त्यांना मुलासारखे नव्हे, घरगड्यासारखे वागवले गेले. गोऱ्यांच्या गावात एकटे सावळे पोर! अशा पोराला रस्त्याने जाताना काय वाटत असेल, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. सोळा-सतराव्या वर्षी ते तेथून निघून जर्मनीत गेले. पोटासाठी दिवसा काम आणि रात्री शाळा असे करीत त्यांनी शिक्षण पुरे केले आणि कील विद्यापीठात प्रवेश मिळवला. १९७९ साली ते तेथूनच डॉक्टरेट झाले.

विषय निवडतानाही त्यांनी विचार केला. आपल्या रंगाकडे कोणी वळून पाहणार नाही अशा उष्ण देशांत जावे, तेथील माणसांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी शिकावे, या हेतूने त्यांनी मत्स्यशास्त्र घेतले. घानामध्ये, मग इंडोनेशियात काम केले आणि १९७९ पासून फिलिपिन्समधील मनिला येथे एका आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात ते राहिले.

तेथे अडचण अशी होती. थंड समुद्रातल्या माशाचे वय त्याच्या कानातील बारीक हाडाच्या वलयांवरून मोजतात, जसे झाडाचे वय खोडाच्या वलयांवरून. उष्ण समुद्रात हिवाळा-उन्हाळ्याचा तेवढा फरक नसतो, त्यामुळे वलये स्पष्ट उमटत नाहीत. शिवाय गरीब देशांकडे महागडी यंत्रे कोठून येणार? पॉली यांनी साधा मार्ग काढला. बाजारात आलेल्या माशांची लांबी मोजायची. लहान किती, मध्यम किती, मोठे किती याचा तक्ता करायचा आणि त्यावरून वाढ किती, मरतूक किती हे गणिताने काढायचे. हे गणित हातातल्या कॅल्क्युलेटरवर करता येईल अशा रीतीही त्यांनी छापून दिल्या. ज्याच्याजवळ मोजपट्टी आहे त्यालाही विज्ञान करता येईल, ही त्यांची दृष्टी होती. पुढे सहकाऱ्यांसह त्यांनी 'फिशबेस' नावाचा माशांचा कोश उभा केला. त्यात आज ३५ हजारांहून अधिक जातींची माहिती आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते.

मी कॉमर्सचा माणूस. मासळीचे शास्त्र मला परके. पण पॉली यांचे सर्वांत मोठे काम वाचताना मात्र आपल्याच टेबलावरचा विषय वाचतो आहोत असे वाटले. कारण ते काम हिशेबाचे आहे.

कोणत्याही कचेरीत दरमहा तक्ते भरून वर पाठवावे लागतात. एखाद्या रकान्याची माहिती मिळाली नाही की तेथे 'निरंक' लिहून कागद पुढे सरकवला जातो. वर गेल्यावर त्या 'निरंक'चे शून्य होते. माहिती नाही याचा अर्थ ती गोष्टच नाही असा होतो! जगाच्या मासेमारीचेही हेच झाले होते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९५० पासून देशोदेशीचे आकडे गोळा करते. मोठ्या ट्रॉलरची मासळी बंदरावर मोजली जाते. पण होडीवाल्याने घरी खाण्यासाठी नेलेली, बायाबापड्यांनी खाडीच्या चिखलातून वेचलेली, चोरून पकडलेली, जाळ्यात येऊन पुन्हा पाण्यात फेकून दिलेली मासळी अनेक देशांच्या कागदावर येतच नव्हती.

पॉली आणि डर्क झेलर यांनी जगभरच्या सुमारे चारशे सहकाऱ्यांना घेऊन एकेका देशाचा हा हिशेब नव्याने मांडला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. कागदावर १९९६ ची जागतिक पकड ८ कोटी ६० लाख टन होती. त्यांच्या हिशेबाने ती सुमारे १३ कोटी टन निघाली. आणि त्या वर्षानंतर पकड कागदावर दिसते त्याहून कितीतरी वेगाने घटत असल्याचेही दिसले.

याच्या उलट प्रकारही त्यांनी उघड केला होता. २००१ साली रेग वॉटसन यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की चीनमधून येणारे आकडे फुगवलेले होते. उत्पादन वाढले की अधिकाऱ्याची बढती, मग कागदावर मासे का वाढणार नाहीत? त्या फुगवट्यामुळे जगाची मासळी वाढते आहे असे सर्वांना वाटत राहिले.

आमच्या वस्तीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी एकदा घरोघरचा पाहणी-अर्ज भरला होता. बाईचा व्यवसाय विचारला की उत्तर यायचे, "काही नाही, घरीच असते." ती 'घरीच' असणारी बाई पहाटे चार घरची भांडी घासून आलेली असायची, नाहीतर संध्याकाळी फूटपाथवर भाजीचे वाटे लावायची. तिची मिळकत कुठेच नोंदली जात नव्हती. चिखलातून कालवे-शिंपल्या वेचणारी दूर देशीची बाई आणि आमच्या वस्तीतली ही बाई, दोघींचे नाव एकाच रकान्यात आहे: निरंक.

पॉली यांनी १९९५ साली एक छोटासा, पानभराचा लेख लिहिला. त्यातला विचार घरातल्या प्रत्येकाने ऐकण्यासारखा आहे. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते त्यालाच मूळची स्थिती समजते. आजीने पाहिलेला हातभर मासा नातीला गोष्ट वाटते. नात वीतभर माशालाच मोठा म्हणते. नुकसान होत जाते, पण मोजपट्टीच आखूड होत गेल्यामुळे ते कोणालाच दिसत नाही. म्हणून म्हाताऱ्यांच्या आठवणी, जुनी कागदपत्रे हीसुद्धा पुरावा मानावीत, असे त्यांचे सांगणे आहे. १९९८ साली सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवले की मोठे शिकारी मासे संपवत माणूस हळूहळू लहान माशांकडे उतरत चालला आहे.

सगळे शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत आहेत असे नाही. रे हिलबॉर्न यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की पकड घटली म्हणजे मासे संपले असे होत नाही. नियम कडक केल्यानेही पकड घटते आणि जेथे व्यवस्था चांगली आहे तेथे मासे पुन्हा वाढले आहेत. हे बोलणेही लक्षात घेण्यासारखे आहे, कारण त्यातून नियम पाळले तर उपयोग होतो हे कळते. आपल्या राज्यानेही २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासे पकडण्यास बंदी केली आहे.

त्यातच समुद्र तापतो आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाची गरज मात्र वाढते, त्यामुळे मासे लहान होत जातील असे पॉली यांचे म्हणणे आहे. त्यावरही वाद चालू आहे. पण पोटाशी सरळ भिडणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१७ साली त्यांच्या गटाने हिशेब दिला की १९५० ते २०१० या काळात समुद्रातून काढलेल्या मासळीपैकी सुमारे २७ टक्के माणसाच्या ताटात आलीच नाही. तिचा बराचसा भाग कुटून पीठ आणि तेल केले गेले. ते पाळीव माशांना, कोंबड्यांना, डुकरांना घातले गेले. त्या मासळीतली ९० टक्के माणसाने खाण्याजोगी होती! गरिबाची सुकट यंत्रात जाते आणि श्रीमंताच्या ताटातला सामन मासा त्यावर पोसला जातो.

२०२३ साली पॉली यांना नायजेरियाचे अर्थशास्त्रज्ञ रशीद सुमैला यांच्यासह पर्यावरणातला मानाचा टायलर पुरस्कार मिळाला. ज्या पोराला कोणी हिशेबात धरले नव्हते, त्याने न मोजलेल्या माणसांची मासळी मोजून जगाचा हिशेब दुरुस्त केला.

तेव्हा आई-वडिलांना एवढीच विनंती. गणितात बरे असलेल्या मुलाला 'पुढे कारकून हो' एवढेच सांगू नका. आकड्यांतून सत्य शोधता येते, हेही सांगा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा: तुमच्या वेळी बोंबील केवढा यायचा, वाट्यात किती यायचे, काय भावाने? सालासकट वहीत उतरवून ठेवा. तो रकाना तरी निरंक राहू नये.