विमानाखालची माणसे

दगडावर कोरलेल्या नावाचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर भीमा कोरेगावी जो स्तंभ उभारला गेला, त्यावर ‘नाक’ हा प्रत्यय लागलेली नावे आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि शतकभर दगडात निमूट राहिलेली ती नावे बोलू लागली. गावात ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, ते रणात कोणाच्याही बरोबरीने उभे होते, एवढे सांगायला ती नावे पुरेशी होती.

असा स्तंभ सर्वांच्याच वाट्याला येत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानतळांवर राबलेली आणि तेथेच मरण पावलेली आपली माणसे कुठे नोंदली गेली असतील? गेली काही वर्षे आम्ही या प्रश्नाच्या मागे आहोत. शाळेच्या या स्मरणिकेत त्या शोधाविषयी लिहावेसे वाटले, कारण मलकापूर परिसरातील अनेक घरांत ‘आमचा म्हातारा विमानाच्या पलटणीत होता’ हे वाक्य आजही ऐकू येते आणि तेथेच ती आठवण संपते.

हवाई दल म्हटले की डोळ्यांपुढे वैमानिक येतो. प्रत्यक्षात विमान उडते ते जमिनीवरच्या हातांमुळे. भारतीय हवाई दलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932 ची. 1 एप्रिल 1933 रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा चार वापिटी विमाने होती, सहा अधिकारी होते आणि एकोणीस माणसांना ‘हवाई सिपाही’ म्हटले जात होते. अभियांत्रिकी शिकलेले हरजिंदर सिंग असेच हवाई सिपाही म्हणून दाखल झाले आणि पुढे एअर व्हाइस मार्शल पदापर्यंत पोहोचले. 1942 च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशात क्रमांक 1 च्या स्क्वाड्रनने टेहळणीसाठी बनवलेल्या लायसँडर विमानांना बॉम्ब जोडून जपानी तळांवर हल्ले केले. त्यासाठी स्क्वाड्रनचे प्रमुख करुण कृष्ण मजुमदार यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. त्या विमानांना बॉम्ब जोडण्याची करामत मात्र हरजिंदर सिंग आणि त्यांच्या हाताखालच्या यंत्रज्ञांची होती.

युद्ध संपताना या दलात सुमारे 28,500 माणसे होती आणि त्यांत अधिकारी सुमारे 1,600. म्हणजे एका अधिकाऱ्यामागे सोळा-सतरा माणसे फिटर, रिगर, शस्त्रकार, तारयंत्री अशा कामांवर होती. त्यांच्याही खालच्या पायरीवर आचारी, भिस्ती, धोबी आणि सफाईवाले होते. सैनिकी कागदांत त्यांना ‘फॉलोअर’ म्हटले जाई. पुढे फौज जाते, मागून हे जातात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आपली माणसे बहुधा याच पायरीवर का सापडतात, याचे कारण त्यांच्या अंगच्या गुणांत शोधायचे नाही. 1892 च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पहिल्या महायुद्धाची गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच काही वर्षांत ती मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठे भूदलाचा दरवाजा पुन्हा उघडला. हवाई दलात हुन्नराचे काम हवे तर इंग्रजी वाचता यावे लागे, आकडेमोड यावी लागे. 1942 च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य झाले आणि युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याखाली आली. तरीही ज्या मुलाने शाळेची पायरीच चढली नव्हती, त्याच्या हाती पाना येण्याऐवजी झाडू येई.

आमच्या घरातला कागद हेच सांगतो. आमचे एक चुलत आजोबा 1943 मध्ये मलकापुराहून बेळगावला गेले आणि भरती झाले. दुसऱ्या वर्षी बंगालमधल्या एका विमानतळावर तापाने त्यांचे निधन झाल्याची बातमी आली. आजीने तो इंग्रजी कागद पत्र्याच्या पेटीत जपला, पण वाचता कोणालाच येत नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या घरात ते ‘हवाई दलाचे शिपाई’ राहिले. कागदावर मात्र ‘फॉलोअर’ असे लिहिले आहे आणि कामाच्या रकान्यात ‘सफाईवाला’.

तो कागद वाचला गेला त्या दिवसापासून घरात वाद सुरू झाला. तरुण मुलांचे म्हणणे असे, की जगात आता कोण तपासायला येणार आहे? ‘सैनिक’ लिहा, त्यात खोटे थोडे आणि मान मोठा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे म्हणणे निराळे होते. त्या म्हणाल्या, “जे काम त्यांच्याकडून करून घेतलं, ते लपवून आपण कोणाची लाज झाकतो? त्यांची की करून घेणाऱ्यांची?”

या प्रश्नापुढे आमचे मन ठरले. नोंद जशी आहे तशीच लिहायची.

आता शोधाविषयी. राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांची नोंद ठेवणारा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन हा आयोग दुसऱ्या महायुद्धासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 हा काळ धरतो. या काळात सेवेत असताना मरण आलेला माणूस गोळीने गेला की हिवतापाने, असा भेद तेथे नाही. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाचे नाव राखावे, हे आयोगाचे तत्त्व आहे. तत्त्व आणि व्यवहार यांत अंतर पडते, हेही आयोगाने स्वतःच सांगितले आहे. पहिल्या महायुद्धाविषयी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात आशिया आणि आफ्रिकेतील किमान 1,16,000 मृतांची नावे कोरली गेली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, असे नमूद आहे. ज्यांच्या मागे लिहिणारे कोणी नव्हते, तेच वगळले गेले.

दहन झालेल्यांची कबर नसते, म्हणून आपल्या माणसांसाठी कबरस्तानात शोध घेऊन भागत नाही. त्यांच्या नोंदी याद्यांत असतात. इंडिया गेटवरील नावे पहिल्या महायुद्धाची आणि तिसऱ्या अफगाण युद्धाची आहेत. 2019 मध्ये दिल्लीत उभे राहिलेले राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या वीरांचे आहे. या दोहोंच्या मधल्या काळात गेलेल्या, अविभाजित भारताच्या सेनांतील 25,000 हून अधिक जणांचे स्मरण दिल्ली छावणीतील युद्ध स्मशानभूमीत आहे आणि त्याच स्मारकाचे जुळे कराचीत आहे. आग्नेय आशियात मोहिमेवर बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत, तर रंगूनजवळ ताउक्यान येथे दहन झालेल्या हजाराहून अधिक जणांचे वेगळे स्मारक आहे. एका देशाची फाळणी झाली, पण कराचीच्या यादीतला कोल्हापूरचा माणूस आणि दिल्लीच्या यादीतला पेशावरचा माणूस अजून एकाच यादीत आहेत, हे पाहून मन भरून येते.

या याद्यांत केवळ नावावरून माणूस सापडत नाही. इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे नाव लिहिले. आडनाव पुष्कळदा गाळले, बापाचे नाव कधी पुढे तर कधी मागे आले. गावाच्या नावाचीही तीच गत. आपले मलकापूर शाहूवाडी तालुक्यातले, त्या काळी विशाळगड जहागिरीतले. दुसरे मलकापूर कऱ्हाडला लागून आहे आणि तिसरे बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेमार्गावर. खरी किल्ली आहे ती सेवाक्रमांक. तो कागदावर असतो, कधी पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत ठोकलेला असतो. आजोबांचा क्रमांक आम्हांला मिळाला आहे. तो जोडून आम्ही आयोगाकडे विचारणा पाठवली आहे.

काही धम्मबांधवांनी विचारले, की अनित्यता मानणाऱ्यांनी नावाचा एवढा हव्यास का धरावा, आणि युद्धाच्या आठवणी तरी का काढाव्यात? प्रश्न रास्त आहे. उत्तर आम्हांला सम्राट अशोकाजवळ सापडले. कलिंगच्या युद्धानंतर त्याने तेराव्या शिलालेखात दीड लाख माणसे बंदिवान करून नेली आणि एक लाख मारली गेली, हे आकडे स्वतः कोरवून घेतले, आणि त्यांपुढे आपला पश्चात्ताप कोरला. मृतांची मोजदाद ही तेथे विजयाची बढाई राहिली नाही. ती करुणेची सुरुवात झाली. शिवाय मंगलसुत्तात कृतज्ञतेची गणना मंगलांमध्ये आहे. कृतज्ञ व्हायचे तर कोणाचे ऋण आहे, हे ठाऊक असावे लागते.

ज्यांनी धावपट्टी झाडली, तिच्यावरून विमाने उडाली. झाडणाऱ्याला अक्षर येत नव्हते, म्हणून तो झाडत राहिला. आपल्या निवासी शाळेच्या मुळाशी हेच दुःख आहे. दूरच्या वाडीतला मुलगा येथे राहतो, जेवतो, इंग्रजी वाचतो, गणित सोडवतो. यांपैकी आज कित्येकजण अभियंते आहेत, काही सैन्यदलांत आहेत. दोन-तीन पिढ्यांपूर्वी त्यांच्याच घरातल्या माणसाला काय वाट्याला आले, हे त्यांना खरेपणाने कळले तर शिक्षणाचे मोल त्यांना भाषणातून शिकवावे लागणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. घरातील जुनी पेटी एकदा उघडावी. सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचे कागद, पदक, तार, छायाचित्र असे जे सापडेल ते फेकू नये आणि त्यावर नवे काही लिहूही नये. सेवाक्रमांक, वडिलांचे नाव, गाव आणि काम कागदावर आहे तसे उतरवून शाळेकडे द्यावे. आठवीपासूनच्या मुलांनी घरातल्या वृद्धांजवळ बसून आठवणी लिहून घ्याव्यात. ही माणसे फार काळ थांबणार नाहीत. कामाच्या रकान्यात भिस्ती असेल तर भिस्ती लिहा, धोबी असेल तर धोबी. शाळेच्या ग्रंथालयात या नावांची एक वही राहील आणि तिच्यातले कोणतेही नाव दुसऱ्या नावाच्या खाली लिहिले जाणार नाही.