नावामागचं घर

युद्धात कामी आलेल्या शिपायाचं घर शोधायचं तर आधी गाव पक्कं करावं, माणूस नंतर. एकाच नावाचे दोघे-तिघे कुठल्याही गावात निघतात. शिवाय त्या काळची राजवट पाहावी लागते. आमचं मुडबी आज कर्नाटकातल्या बसवकल्याण तालुक्यात आहे. 1956 पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. म्हणून जुना महसुली कागद उर्दूत, पलटणीची नोंद इंग्रजीत आणि घरातली आठवण मराठी-कन्नडात. ही तिन्ही जुळेपर्यंत मी कुणालाही ‘हा तुमचाच’ असं सांगत नाही. दुसऱ्याचं मरण एखाद्या घरावर लादणं मोठं पाप आहे.

कधी कागद उदार असतो. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर ज्ञात नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. पण त्यांचं गाव माहीत आहे: कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं, माणगावजवळचं पळसगाव.

पहिल्या महायुद्धाकडे जावं तशी वाट पुसट होते. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी इराकात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेने शस्त्रं ठेवली. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडाच. स्मरणातल्या अशा भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने 2021 साली माफी मागितली.

जिथे कागद संपतो तिथे गावाला विचारावं. विरासतीच्या नोंदीत जमीन मुलाऐवजी पुतण्याकडे गेलेली दिसली, तर मधला माणूस कुठे गेला ते विचारावं. विधवेचं माहेर गाठावं. सासरी विसरलेलं तिथे कुणीतरी जपलेलं असतं. सुगीनंतर दारी येणाऱ्या हेळव्याला बसवून घ्यावं. घराण्याच्या पिढ्या सांगणं हे त्याचं पिढीजात काम आहे.

तुमच्या घरी पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक असेल, तर ते सोनाराकडे मोडीत घालू नका. त्याची कड उजेडात धरून वाचा. तिच्यावर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते.