गाडी टायर खायलीय

६ जून
दुपारी बहिणीचा पोरगा स्विफ्ट घेऊन दुकानावर आला. "मामा, गाडी टायर खायलीय बघा." समोरून पाहणाऱ्याला हे पटणार नाही. बाहेरची नक्षी शाबूत, मधल्या खाचांतली १.६ मिलिमीटरची खूण अजून खोलच. स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं तेव्हा आतली कड दिसली. दोन बोटं रुंद पट्टा गुळगुळीत, डाव्या चाकाच्या तर तारा बाहेर. चारी स्प्रिंगांचे वेढे ग्राइंडरनं कापून गाडी खाली बसवलीय.

टायरवरून तळहात फिरवला. आतून बाहेर नेला तर सरळ जातो, बाहेरून आत आणला की रबराच्या कडा टोचतात. म्हणजे चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला, टो-आउट. हल्लीची पोरं नुसती मशीनच्या पडद्याकडं बघतात.

७ जून
अलाइनमेंटच्या मशीनवर कॅम्बर दोन्हीकडं उणे दोन अंशांच्या आसपास, म्हणजे चाकांचे माथे आत झुकलेले; एकूण टो-आउट ०.६ अंश. भाचा कॅम्बरलाच धरून बसला, कारण चाक तिरपं उभं असलेलं डोळ्याला दिसतं. दिसतो त्यालाच शिव्या! उण्या कॅम्बरनं आतली कड जास्त दाबली जाते हे खरं. पण इतक्या लवकर तारा काढणारा तो नव्हे. खादाड आहे तो टो. एका चाकाला ०.३ अंश म्हणजे किलोमीटरमागं सव्वापाच मीटर आडवं घासणं. हदगाव ते नांदेड साठ-पासष्ट किलोमीटर धरले तरी कागदावर तीनशे मीटरच्या वर. त्यातलं काही रबर वाकून सोसतं, बाकीचं अंगावर घेतं. भार कॅम्बरनं आत ढकललेला, म्हणून झीजही तिथंच.

गाडी खाली आली की लोअर आर्म आणि टायरॉड दोघंही वर झुकतात. पण दोघांची लांबी वेगळी, फिरायची कमान वेगळी, त्यामुळं चाक आपोआप थोडं वळतं. मागं आडवा बीम आहे, तिथं हे फारसं होत नाही. मागची टायरं सारखी झिजलीत.

११ जून
सकाळपासून पाऊस, गिऱ्हाईक नाही. गाडी वर घेतली. टायरॉडच्या टोकांत खेळ, लोअर आर्मचे बूश फाटलेले. हे बदलल्याशिवाय मशीनचे आकडे लावणं फुकट. कापलेल्या स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, गतिरोधक आला की शॉकअप थेट रबरी ठोकळ्यावर आपटतो. गोल गतिरोधक मानकाप्रमाणं १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्याकडं रातोरात घातलेले गतिरोधक कुणी मोजलेत? त्यात ही काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या डांबराला लाटा येतात. पुणे-मुंबईच्या व्हिडिओतली उंची हदगाव-तामसा रस्त्यावर चालवायची म्हणजे गाडीचं पोट रोज घासणार.

"सगळेच करायलेत, मामा." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं: कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो हसला. कैदेपेक्षा दोन नव्या टायरांची किंमत त्याला जास्त झोंबली.

१४ जून
नवी टायरं बसवायला मी नाही म्हटलं. आधी कंपनीच्या मापाच्या स्प्रिंगा. रुसला, मग अकोल्याच्या मित्राला फोन केला, मग आणल्या. त्या बसवून, टायरॉडची टोकं आणि बूशही बदलून दोन दिवस गाडी चालवायला सांगितली, स्प्रिंग बसते तशी उंची बदलते.

१७ जून
हवा सारखी केली, ड्रायव्हरच्या जागी त्यालाच बसवलं. कॅम्बर शून्याच्या जवळ आला. टो शेवटी लावायचा, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. लॉक नट सैल करून दोन्ही टायरॉड बरोबरीनं फिरवले, नाहीतर स्टिअरिंग वाकडं राहतं. मग टायरं.

जाताना विचारलं, "मामा, अलॉय तरी मोठे टाकू का?"