ग्योपिंगेन : शब्दाला जागलेले रूळ

जर्मनीतील स्टुटगार्टहून उल्मकडे निघालेली आगगाडी फिल्स नदीच्या खोऱ्यातून सुमारे 40 किलोमीटर गेली, की ग्योपिंगेन लागते. पुढे गाइसलिंगेनचा घाट आहे. 1850 पासून वाहत्या असलेल्या त्या चढावर जड गाड्यांना मागून दुसरे इंजिन लावतात. कसारा आणि खंडाळा घाट पाहिलेल्या मराठी प्रवाशाला हे दृश्य परके वाटणार नाही. याच लोहमार्गावरील ग्योपिंगेनने जगाला हातात मावणारी आगगाडी दिली.

1859 मध्ये थिओडोर फ्रीडरिश विल्हेल्म मेर्क्लिन या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने येथे बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी चिमुकली भांडी घडविण्यास प्रारंभ केला. 1866 मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी कारोलिने यांनी मात्र पेढीला कुलूप लावले नाही. स्त्रीने व्यापारासाठी गावोगाव फिरणे ज्या काळी नवलाचे होते, त्या काळी त्या दक्षिण जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये स्वतः माल विकत हिंडल्या. 1888 मध्ये पुत्र ऑयगेन यांनी धुरा हाती घेतली. आईने पेढी तगवली नसती, तर मुलांच्या हाती काहीच उरले नसते.

बाहुलीच्या घराने या कुटुंबाला व्यापाराचे एक मर्म शिकविले होते. घर एकदा विकले, की त्यातील भांडीकुंडी वर्षानुवर्षे विकता येतात. 1891 च्या लाइपझिग जत्रेत त्यांनी हाच विचार आगगाडीला लावला. रुळांमधील अंतराची क्रमांकित मापे ठरवून दिली आणि इंजिन, डबे, रूळ सुटे विकण्यास ठेवले. आज इंजिन, पुढील नाताळला दोन डबे, त्यानंतर एखादे स्थानक, असा खेळ घरोघरी वाढू लागला. माप निश्चित असल्याने नवी वस्तू जुन्याशी जुळेल, हा भरवसा ग्राहकाला मिळाला. खरे पाहता त्या दिवशी रुळांबरोबर एक शब्दही दिला गेला होता.

1935 मध्ये 16.5 मिलिमीटर अंतराच्या रुळांवरील लहान विजेची गाडी आली आणि जेवणाच्या मेजावर लोहमार्ग मांडणे शक्य झाले. तिच्या मार्गात दोन रुळांच्या मध्ये विजेसाठी तिसरा रूळ असे. पुढे त्याची जागा ठिपक्यांसारख्या बारीक संपर्कबिंदूंनी घेतली. इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्या बिंदूंवरून घसरत वीज घेते. रुळांचे रूप पालटले, तत्त्व पालटले नाही. म्हणून आजोबांनी विकत घेतलेली बहुतेक युद्धोत्तर इंजिने नातवाच्या नव्या रुळांवर आजही धावतात.

ग्योपिंगेनच्या मेर्क्लिनेउम या संग्रहालयात हा सारा वारसा मांडलेला आहे. संग्राहकांचे सर्वांत लाडके इंजिन म्हणजे ‘मगर’. स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड मार्गावरील लांब नाकाच्या विद्युत इंजिनाची ती प्रतिकृती. त्याच घराण्यातील स्विस आराखड्याची इंजिने एकेकाळी आपल्या घाटांत मालगाड्या ओढीत आणि रेल्वेत त्यांना ‘खेकडा’ म्हणत. त्यांतील एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात जतन केलेले आहे.

इतकी पत असलेल्या घराण्यावरही कठीण काळ आलाच. मालकी तीन कुटुंबांच्या अनेक वारसांत विभागली गेली होती. 2006 मध्ये त्यांनी ती बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकली. 2009 च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्थापनेच्या दीडशेव्या वर्षीच, कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. 150 वर्षांची पुण्याईही ताळेबंदातील खड्डा आपोआप बुजवीत नाही, हा धडा कोणत्याही पेढीने लक्षात ठेवावा असा आहे. तरीही कारखाना थांबला नाही. 2013 मध्ये खेळण्यांच्याच व्यवसायातील एका कुटुंबाने ती विकत घेतली. यंत्रे आणि इमारती कोठेही मिळतात. ज्यांच्या घरी जुन्या गाड्या आहेत आणि त्यांना नवे डबे जोडण्याची ज्यांची इच्छा आहे, असे ग्राहक मात्र पिढ्यांच्या सचोटीनेच मिळतात.

जुन्या इंजिनांचा एक स्वभाव संग्राहकांना चांगला ठाऊक असतो. ती कपाटात फार काळ पडून राहिली, की आतले तेल चिकट होऊन घट्ट बसते आणि चाके जागची हलत नाहीत. मग जुने तेल काळजीपूर्वक पुसून, नव्या तेलाचा एखादाच थेंब देऊन त्यांना पुन्हा चालते करावे लागते. काचेआड कुलूपबंद ठेवलेले इंजिन हा निव्वळ परिग्रह होय. तेच रुळांवर ठेवून नातवाच्या हाती कळ दिली, म्हणजे तो वारसा होतो.