आधी बॅटरी, मग ड्रिल

घरकामासाठी कॉर्डलेस ड्रिल घेताना आधी बॅटरी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. खोक्यावरच्या 18 आणि 20 व्होल्टच्या आकड्यांना भुलू नये. आत बहुधा 3.6 व्होल्टचे तेच पाच सेल असतात. खरा प्रश्न उन्हाचा. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो आणि 40 अंशांपुढचं चार्जिंग लिथियम-आयन सेलला मानवत नाही. म्हणून बॅटरी टिनाच्या शेडमध्ये नव्हे, पहाटे घरात चार्ज करावी.

वायरचं ड्रिल स्वस्त आणि दमदार, हे खरंच. स्लॅबला भोकं पाडायला तेच घ्यावं. पण सागवानी चौकटीत बिजागरी बसवताना, त्यातही वीज गेलेली असली, तर क्लचवालं हलकं कॉर्डलेसच हवं. क्लच कमी आकड्यावर ठेवला, तर स्क्रूची खाच झिजत नाही.