य चा म

'छंदोरचने'ची माझ्याकडची प्रत १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीची आहे. पुठ्ठा सुटलाय, कडा तपकिरी झाल्यात, पान जरा जोरात उलटलं तर कोपरा हातात येतो. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एकाखाली एक दोनच शब्द लिहिले आहेत : धरावे, मारावे. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर खूण आहे. वरच्या शब्दात 'ध'वर छोटा अर्धचंद्र, 'रा' आणि 'वे'वर आडव्या रेघा. खालच्या शब्दात तिन्ही अक्षरांवर आडव्या रेघा. याखेरीज टीप नाही की तारीख नाही.

अक्षर मास्तरांचं. मी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून लागलो तेव्हा ते आमच्या खोलीतले सर्वांत ज्येष्ठ. आधी कुठंतरी शाळेत शिकवत असत म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी टेबलाच्या खणातून हे पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. "तुला लागेल," एवढंच म्हणाले.

लागेल असं त्यांना का वाटलं, ते मला चांगलं ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जुन्या कवितांच्या एका संग्रहाची नवी आवृत्ती आमच्याकडे आली होती. मी नुकताच शुद्धलेखनाचे १९६२चे नियम घोकून बसलो होतो. शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ. लाल पेन घेतलं आणि दिसेल तिथं 'कवि'चं 'कवी' केलं, 'मति'चं 'मती', 'गति'चं 'गती'. गॅली मास्तरांकडे गेली. ते कविता मनात वाचत नसत. ओठ किंचित हलायचे आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर पेटीवाल्यासारखा फिरायचा. माझ्या पहिल्याच दुरुस्तीवर तो अंगठा थांबला. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. पुन्हा तिथंच थांबले.

"अरे, हिचा पाय मोडलास तू."

मग त्यांनी दाखवलं. पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक त्या नियमांतच दिलेली आहे. मी तेवढाच नियम नजरेआड केला होता. त्या दिवशी अठ्ठावीस ठिकाणी मी केलेल्या खुणा मीच खोडल्या. कविता अर्थानं वाचायची, तशी पेरांवर मोजूनही वाचायची, हे तेव्हा कळलं.

शेवटच्या पानावरचे ते दोन शब्द मात्र मला दिसले फार उशिरा, मास्तर गेल्यानंतर. दिसले तरी आधी उलगडा होईना. 'ध चा मा'ची गोष्ट मराठी घरात कुणाला नवी असते? ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात 'धरावे' असं होतं आणि आनंदीबाईंनी त्यातल्या 'ध'चा 'मा' केला, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले. ते खरंच तसं घडलं का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. माझाही ओढा दंतकथेकडेच आहे, कारण इतकी नेटकी गोष्ट घडण्यापेक्षा रचली जाण्याचा संभव जास्त. पण मास्तरांना त्या गोष्टीत खरं-खोटं शोधायचं नव्हतं. त्यांनी ती नुसती मोजून पाहिली होती.

वृत्त शिकताना मुलांना 'यमाताराजभानसलगा' पाठ करायला लावतात. या सूत्राची खुबी अशी की त्यातल्या कुठल्याही गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरं घेतली की त्या गणाचा साचा मिळतो. 'य'पासून घ्या : यमाता. लघु, गुरु, गुरु. हा य गण. पुढच्या 'मा'पासून घ्या : मातारा. तिन्ही गुरु. हा म गण. आता 'धरावे' म्हणून पाहा. लघु, गुरु, गुरु. 'मारावे' म्हणा. गुरु, गुरु, गुरु. सूत्रात एक अक्षर पुढे सरकलं की य गणाचा म गण होतो. 'ध'चा 'मा' केला तेव्हा नेमकं तेच झालं.

हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री उशिरा एकटाच बसलो होतो आणि अंगावर काटा आला. कारण पुढचं आपोआप सुचलं. य गण ओळीनं चार वेळा आला की भुजंगप्रयात होतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, २०५ श्लोक, आणि दिवेलागणीला ते म्हणत वाढलेल्या कुठल्याही मुलाच्या कानात ती चाल मुरलेली असते. 'धरावे' त्या चालीत अलगद बसतं. त्याच जागी 'मारावे' म्हणून पाहिलं की जीभ अडखळते. मोठ्या माणसांनी बनवलेला हुकूम सहा वर्षांच्या पोरानं पकडला असता. पण हुकूम गद्यात लिहितात. गद्यात एक अक्षर बदललं तर कागद कुरकुर करत नाही.

यमकाचं काय? यमक इथं कामाचं नाही. दोन्ही शब्दांच्या शेवटी 'रावे' तसंच्या तसं आहे. सुरेश भटांच्या 'गझलेची बाराखडी'त काफिया, रदीफ, अलामत यांची शिस्त इतकी चोख सांगितली आहे की ती वाचल्यावर नवशिक्याचंही यमक चुकू नये. पण यमकावर जपून असलेल्या कानालाही हा फेरफार पकडता आला नसता. ओळीच्या शेवटी सगळं ठीकठाक दिसतं. बिघाड असतो आत.

आणि अभंग असता तर? देवद्वार छंदात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. तिथं ऱ्हस्व-दीर्घ कोणी विचारत नाही, नुसती अक्षरं मोजायची. धरावे तीन, मारावेही तीन. अभंगानं काही न बोलता दोन्ही घेतले असते. मराठीनं आपल्या सर्वांत जिवाभावाच्या गोष्टी ज्या छंदांत ठेवल्या, ओवीत आणि अभंगात, ते छंद इतके सैल का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. ग्रंथात येणारी ओवी तर अभंगाहून मोकळी. ज्ञानेश्वरीत चरणाची लांबी हवी तशी वाढते, पहिल्या तीन चरणांचं यमक तेवढं धरून ठेवतं आणि चौथा चरण आखूड, मोकळा सुटतो. म्हणून त्यात लोकांनी आपल्या ओव्या घातल्या. तीनशे वर्षांत पोथ्या इतक्या भरकटल्या की १५८४ साली एकनाथांना बसून पाठ शुद्ध करावा लागला, आणि यापुढे यात आपली ओवी घालू नका, असं वाचकांना बजावावंही लागलं. माझ्या धंद्याचा मूळपुरुष कोण असं कोणी विचारलं तर मी एकनाथांचं नाव घेतो. दुसऱ्याचं अक्षर जसं होतं तसं परत देणं, यात केवढी भक्ती लागते, ते या कामात आयुष्य घालवल्यावरच कळतं.

पोवाड्याची तऱ्हा आणखी वेगळी. एच. ए. ऍकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह १८९१ साली काढला. वडाळ्याचं कुष्ठरुग्णालय ज्यांच्या नावानं ओळखलं जातं तेच हे ऍकवर्थ. मुंबईच्या पालिकेचा कारभार पाहणाऱ्या माणसानं शाहिरांच्या तोंडचे पोवाडे जमवावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या वेळी कोणी हे केलं नसतं तर त्यातलं किती उरलं असतं? तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा घ्या. सिंहगडाच्या कड्यावर चढणारी घोरपड आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, ती या पोवाड्यानं आणून दिली. सभासदाच्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, घोरपड तिथं नाही. डफावर थाप पडली, तुणतुणं लागलं, समोरचे डोळे विस्फारले, की शाहिराच्या ओळीत जागा असतेच, आणि त्या जागेत घोरपड येऊन बसते. मी तिला चूक म्हणायला धजत नाही. कडा किती उभा होता, ते बखरीपेक्षा घोरपडीनं मला जास्त नीट सांगितलं.

हे सगळं मनात घेऊन 'छंदोरचना' पुन्हा वाचायला घेतली तेव्हा ते पुस्तक बदलल्यासारखं वाटलं. आधी मला ते नियमांचं पुस्तक वाटायचं. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन, फारसीचे प्राध्यापक. फार्शी-मराठी कोश त्यांनी १९२५ साली केला, 'छंदोरचने'ची पहिली आवृत्ती १९२७ची, 'गज्जलांजलि' १९३३ची. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मराठीत आणल्या, आणि भाषाशुद्धीसाठी फारसी शब्द मराठीतून काढावेत असा आग्रहही त्यांनीच धरला. एकाच माणसात हे दोन्ही कसं नांदलं असेल, याचा विचार करताना मला पुन्हा भुजंगप्रयातच आठवतं. फारसीत मुतकारिब नावाचं वृत्त आहे. त्याचा घटक 'फऊलुन्' : लघु, गुरु, गुरु. आपला य गणच. तो चार वेळा आला की अक्षराला अक्षर भुजंगप्रयात. फिर्दौसीनं १०१०च्या सुमारास पुरा केलेला 'शाहनामा' याच वृत्तात आहे, फक्त ओळीचं शेवटचं अक्षर छाटलेलं. म्हणजे इराणच्या राजांची गाणी आणि समर्थांचे मनाचे श्लोक एकाच पावलांनी चालतात. ज्या काळात दख्खनच्या दरबारांत फारसी चालत होती आणि शिवाजी महाराज राज्यव्यवहारकोश करवून तिचे शब्द बाजूला सारत होते, त्या काळातही ही चाल दोन्हीकडे घुमत होती. शब्द हद्दपार करता येतात, चालीला कोण अडवणार? ज्यांना दोन्ही भाषांचे कान होते, त्या माधवरावांना हे कधी ना कधी ऐकू आलंच असणार.

मास्तरांच्या पेन्सिलीनं मला इथवर आणलं. पुढची गोष्ट मात्र त्यांना सांगता आली नाही, याचं वाईट वाटतं.

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी जात्यावरच्या ओव्यांवरचा एक लेख माझ्याकडे तपासायला आला. हे गाणं किती जुनं? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त, बाराव्या शतकात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधीची. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी आपल्या साथीदारांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. सीता त्यात आहे, पाऊस आहे, भाऊ आहे, सासरचा जाच आहे आणि बाबासाहेब आंबेडकर आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी बाबासाहेबांचा काळ पहाटेच्या अंधारात, पिठाच्या भुकटीत, यमक जुळवत नोंदवून ठेवला. कागदावरचा इतिहास त्यांच्या दारापर्यंत आला नव्हता, तेव्हा तो त्या दळत होत्या.

मी सवयीनं पेरांवर मोजायला लागलो. मोजणी जुळेना. एका ओळीत अकरा अक्षरं, पुढच्या ओळीत सोळा. मग लक्षात आलं की इथं माप अक्षराचं नाहीच. खुंट्याला धरून जातं एकदा पुरतं फिरतं, त्या फेऱ्यात जेवढं बसेल तेवढं. शब्द जास्त झाले तर भरभर म्हणायचे, कमी पडले तर 'गं बाई' घालायचं किंवा सूर लांबवायचा. दगड फिरायचा थांबत नाही.

लेखात एक ओवी दोनदा आली होती, शेजारच्या दोन गावांतल्या दोन बायांकडून. पहिलीनं 'माझा बंधू' म्हटलेलं, दुसरीनं त्या जागी 'माझा ल्योक'. बाकी ओवी तीच, यमकही तेच. संपादकांनी समासात विचारलं होतं : यांतला बरोबर पाठ कोणता? दुसरा काढायचा का?

मी दोन्ही ओव्या मोठ्यानं म्हणून पाहिल्या. 'बंधू' म्हणताना कुठंतरी माहेरची वाट दिसली. 'ल्योक' म्हणताना घर दुसरं होतं, बाई वयानं मोठी होती. अंगठा कुठल्याच पेरावर अडला नाही. लाल पेनाला टोपण लावलं, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं : दोन्ही ठेवावेत.