चढणीचा मासा

पुण्याभोवतीच्या बारा मावळांत ज्याची गणना होते त्या मुठे खोऱ्यात मासा हा बाजारातून आणावयाचा जिन्नस नव्हता. तो पावसाबरोबर येई. मृगाचा पाऊस एकदा मनाजोगा कोसळून डोंगरावरचे ओहोळ गढूळ पाण्याने मुठेला मिळू लागले, की उन्हाळाभर डोहांत दडून राहिलेले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट अंगाने थेट भातखाचरांपर्यंत चढत, आणि या चढणीच्या माशांसाठी आमच्या मुठा गावातली माणसे कंदील घेऊन रात्र रात्र ओहोळात उभी राहत. गाबोळीने भरलेल्या त्या माशांच्या अंगी जी स्निग्धता असे, ती वर्षाच्या इतर कोणत्याही ऋतूत आढळत नसे. आई ते मासे लसूण, मिरची आणि आमसूल यांचे वाटण लावून बिडाच्या तव्यावर ठेवी. तेलाचा केवळ हात फिरवी, कारण पुढचे तेल माशाचेच सुटे.

या माशांत खडशीचा मान थोर. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची सांख्यिकी गोळा करीत हिंडलेल्या कर्नल साइक्स या साहेबाने पुण्यानजीकच्या मुळा-मुठेतला हा महाशीर १८३९ साली ‘खुद्री’ या नावाने शास्त्राच्या दप्तरी दाखल केला. त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतबाहेर खडकवासल्याची भिंत उभी राहिली, आणि कालांतराने आमच्या गावाच्या वरच्या अंगाला टेमघरचे धरण झाले. पुण्याची तहान या भिंतींनी भागविली, हे उपकार विसरण्याजोगे नाहीत; परंतु खालून चढणाऱ्या माशाला वर जाण्याची वाट कोणत्याही नकाशात आखली गेली नाही, याचे शल्य मला आजही आहे.

सामन हा परदेशी मासा आमच्या घरी आला तो नॉर्वेत संसार थाटलेल्या भाचीमुळे. सुटीवर आली असता पुण्याच्या एका दुकानातून बर्फात ठेवलेला सामनचा तुकडा घेऊन, पिरंगुटवरून मुठा घाट उतरून ती घरी पोहोचली. नारिंगी-गुलाबी रंगाचा, त्यात पांढऱ्या चरबीच्या रेघा, एका बाजूस रुपेरी कातडी. हा रावसाचाच भाऊबंद, तेव्हा रवा लावून भरपूर तेलात तळावा, असे शेजारपाजारचे मत पडले. वास्तविक रावसाचे आणि सामनचे कूळ सर्वस्वी भिन्न. रावसाचे मांस सौम्य, त्याला तेलाची सोबत मानवते. सामन मात्र बांगड्या-तारलीसारखा स्वतःचे तेल बाळगून असतो. आईने यातले काही वाचलेले नव्हते. तिने तुकड्यावरून बोट फिरविले, बोटाला आलेला तुळतुळीतपणा पाहिला आणि म्हणाली, “हा चढणीचाच मासा दिसतोय. ह्याला तेल कशाला?”

त्या एका वाक्याने सामन आमच्या स्वयंपाकघरात रीतसर दाखल झाला, असे मी समजतो. तुकडा कोरड्या फडक्याने नीट टिपावा, कारण अंगावर पाणी राहिले तर कातडी तव्याला चिकटते. मीठ, हळद, ठेचलेली लसूण आणि आमसुलाचे आगळ लावून थोडा वेळ ठेवावा. तवा चांगला तापला की आगळ निथळून, कातडी खाली करून ठेवावा आणि मग आच मंद करून त्याला मुळीच हलवू नये. तुकड्याच्या कडेकडे पाहत बसावे: गर्द नारिंगी रंग तळापासून वर वर फिकट होत चढतो, आणि तो दोनतृतीयांश उंचीवर आला की उलटावे. पृष्ठभागावर पांढरे थेंब जमू लागले, की तत्क्षणी उतरवावे. ते माशातले प्रथिन बाहेर पडत असल्याचे चिन्ह आहे, आणि त्यानंतरचा प्रत्येक क्षण मांस कोरडे करतो. मुळशीच्या आंबेमोहराचा वाफाळलेला भात सोबत असला, की कुरकुरीत कातडी प्रथम कोणी खावी यावरून आमच्या घरी लहान-थोर असा भेद उरत नाही.

“हा खरंच चढतो का रे?” आईने जेवता जेवता विचारले. मी तिला सांगितले, की हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, आणि वीण करण्याची वेळ आली की अन्न वर्ज्य करून जन्माच्या नदीकडे परततो. आपल्या ओहोळाचा वास त्याच्या स्मरणात असतो, ही उपपत्ती शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर आणि त्यांचे सहकारी वॉरेन विस्बी यांनी १९५१ साली मांडली. मात्र आपल्या ताटातला मासा कोणतीही नदी चढलेला नाही, हेही तिला सांगणे भाग होते. नॉर्वेच्या खाड्यांत १९७० च्या सुमारास सामनची शेती सुरू झाली. हा तिथल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढला, आणि त्याचा गुलाबी रंगही खाद्यातून दिलेला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला मात्र अमेरिकेतल्या कोलंबिया नदीची हकीकत आठवत राहिली. ग्रँड कूली हे पाचशे फुटांहून उंच धरण तिथे १९४२ साली पूर्ण झाले, आणि त्याला माशांसाठी शिडी ठेवलेली नव्हती. केटल फॉल्स हे सामन धरण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थान बुडणार, हे निश्चित झाल्यावर १९४० च्या जूनमध्ये तिथल्या आदिवासी जमाती एकत्र आल्या आणि तीन दिवस त्यांनी अश्रूंचा विधी केला. ज्या तालुक्याने धरणाविरुद्धचा सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह पाहिला, तेथील माणसाला त्या अश्रूंचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. आमच्या खडशीसाठी निदान लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून अंडी उबवून पिले जलाशयांत सोडण्याचे काम चालविले आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे; पण सोडलेले पिलू आणि चढून आलेला मासा यांतले अंतर ज्यांनी ओहोळात उभे राहून पाहिले आहे, त्यांची पिढी आता सरत आली.

सामन आमच्याकडे महाग आहे, म्हणून तो सणासुदीलाच येतो. उरला तर आई दुसऱ्या दिवशी नारळाच्या पातळ दुधात तिरफळे ठेचून घालते, आगळाचा हात जरा सैल सोडते, उकळी येण्याच्या बेतात तुकडे आत सोडून लगेच झाकण ठेवते, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढते. भाचीला तिकडे करता यावे म्हणून ही कृती मजकडून कागदावर उतरवून घेते.